तिफण: फील्डवरचा लूप अखेर चालला

तिफण या आपल्या प्रोग्रामिंग भाषेतला जेसन-लेखक (रेकॉर्डची फील्ड्स जेसन या मजकुरी स्वरूपात लिहिणारा कोड) काल रात्री एकही फील्ड हाताने न लिहिता चालला. पूर्णांक, स्ट्रिंग, बूलियन, तिन्ही बिनबोभाट बाहेर पडले. स्ट्रिंगला अवतरणचिन्हं, पूर्णांकाला नाहीत. बघत बसलो थोडा वेळ.

अडलं कुठे होतं ते मागच्या नोंदीत आहेच. आपल्याकडे प्रत्येक रिफ्लेक्शन (कंपाइलच्या वेळी कोडचीच माहिती देणारी किंमत) एकाच टाइपचं, `मेटा`. सी++ही फिरून तिथेच आलं: 2021च्या टीएसमधलं (प्रायोगिक तांत्रिक तपशिलातलं) `रिफ्लेक्सएक्स्पर` दर वेळी नवा टाइप काढायचं, 2025च्या जूनमध्ये सोफियाला मानक समितीच्या बैठकीत मंजूर झालेल्या आराखड्यात सगळ्यांना मिळून एकच `मेटा::इन्फो`. टाइप एकच, म्हणून फील्डांची यादी करा, गाळा, क्रम लावा, मजा आहे. पण त्याच यादीवर साधा लूप फिरवला की पहिल्या फेरीत `र.[:फ:]` (`र`मधलं `फ`ने दाखवलेलं फील्ड) पूर्णांक, दुसरीत स्ट्रिंग, आणि वर `फ` कंपाइलच्या वेळचा स्थिरांकही नाही.

झिग भाषेचा `इनलाइन फॉर`, सी++चा `टेम्पलेट फॉर`, दोन्ही आतला ब्लॉक प्रत्येक घटकासाठी वेगळा उलगडतात. आपला टाइपचेकर मात्र ब्लॉक एकदाच तपासून मोकळा व्हायचा. आता तो एएसटी (कोडचं झाडासारखं रूप) कच्चाच ठेवतो, फील्डागणिक प्रत काढतो, मग तपासतो. `कंटिन्यू` त्या प्रतीच्या शेवटी उडी मारतो, `ब्रेक` सगळ्या प्रतींच्या पलीकडे.

नवी कटकट: आत फंक्शनचं नाव चुकलं की जितकी फील्ड्स तितक्या वेळा तीच एरर. एकाच ओळीवरच्या सारख्या एरर एकत्र करून खाली फील्डांची नावं देतोय. वाचता तरी येतं. सी++शी पडताळणीला गॉडबोल्ट या ब्राउझरमधल्या कंपाइलर-साइटवरचा ब्लूमबर्गचा क्लँग फोर्क (क्लँग या कंपाइलरची त्यांची आवृत्ती) झकास, काही इन्स्टॉल करायला नको.

रिफ्लेक्शनवरून नाव कसं काढायचं याचा निकालही लागला. `नेम_ऑफ` बाद. बेनामी बिटफील्डला (मोजक्या बिट्सच्या फील्डला) ते रिकामी स्ट्रिंग देणार आणि जेसनमध्ये `"": 0` उमटणार. सी++सारखी फोड बरी: `आयडेंटिफायर_ऑफ`ला नाव सापडलं नाही तर कंपाइल थांबवायचं, डीबगिंगला `डिस्प्ले_स्ट्रिंग_ऑफ`. रिफ्लेक्शन काढायचं चिन्ह मात्र एकेरी `^`च. सी++ला `^^` घ्यावं लागलं ते ऑब्जेक्टिव्ह-सी++च्या ब्लॉक्समुळे, त्यांनी `^` आधीच घेतलेलं. ते लोढणं आपल्या गळ्यात नाही.

यापुढे एनमची (ठराविक नावांच्या किमतींच्या टाइपची) स्ट्रिंग करायची होती. पण लिहिता लिहिता सुचलं, पासवर्डचं फील्ड जेसनमध्ये जाऊ नये म्हणून त्याला `@वगळ` अशी खूण लावता आली पाहिजे. प्रत काढतानाच ते गाळलं तर लूपला हात लावायला नको, आणि पार्सरमध्ये `@` मोकळंच पडलंय. एनम थांबेल.