दोन स्ट्रिप, पत्ता एक

ऑक्टोबर 2025. सावनेरच्या ज्या औषध दुकानात मी फार्मासिस्ट आहे, तिथून छिंदवाड्याचा रस्ता सरळ जातो. तिकडची आजारी मुलं नागपूरच्या दवाखान्यांत आणली जात होती, त्यामुळे ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपचं प्रकरण आमच्यासाठी लांबचं नव्हतंच. तामिळनाडूतल्या तपासणीत त्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं. चालतं ते फार तर 0.1 टक्का. मुलांच्या किडन्या गेल्या त्या यानेच. एसआर-13 ही बॅच विकू नका, असं आपल्या राज्याच्या एफडीएनेही, म्हणजे अन्न व औषध प्रशासनानेही, कळवलं होतं.

आमच्याकडे ते सिरप नव्हतं. तरी सकाळपासून लोक घरातल्या अर्ध्या वापरलेल्या बाटल्या घेऊन येत होते. “ताई, ही कंपनी कोनती हाय? नाव ऐकलं नाही कधी.” एक बाई तर दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन म्हणाली, “पैसे लागू द्या, पन मोठ्या कंपनीचं द्या.” मी म्हटलं, दोन वर्षांच्या आतल्या लेकराला खोकल्याचं औषध द्यायचंच नसतं, केंद्र सरकारचीही तीच सूचना आहे, डॉक्टरांना दाखवा. तिला ते पटलं नाही. तिला बाटली हवी होती, आणि बाटलीवर ओळखीचं नाव.

संध्याकाळी गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, दोघा नवरा-बायकोच्या कॅल्शियमच्या गोळ्या दर महिन्याला नेतात. नेहमीची कंपनी, पंधरा गोळ्या, दीडशेच्या आतबाहेर. त्या दिवशी काउंटरवर दुसऱ्या कंपनीचीही स्ट्रिप पडली होती, निम्म्याहून कमी किमतीची. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्हींची मागची बाजू वाचायला घेतली. कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम, म्हणजे कॅल्शियम 500. व्हिटॅमिन डी-3, 250 आययू. अक्षर न् अक्षर तेच.

“कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूच की हो! नोकरीभर नाकातोंडात गेला, तेव्हा कोणी पैसे मागितले नाही.”

(शाळेतला खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो. पण गुरुजींना कोण दुरुस्त करणार?)

मग ते बारीक अक्षरांवर आले. विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या, पण उत्पादकाचा पत्ता दोन्हींवर हिमाचलातल्या बद्दीचा, कारखाना तोच, लायसन्स नंबरही तोच. आमच्या धंद्यात याला थर्ड पार्टी म्हणतात. लपवाछपवी नाही, सगळं छापलेलं असतं. फक्त वाचत कोणी नाही.

“मग वरचे पैसे कशाचे, ताई?”

सकाळी त्या बाईला कंपनीच्या नावाबद्दल मी काहीच बोलले नव्हते, कारण सिरपच्या बाबतीत तिची भीती खोटी नव्हती. सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखं द्रावक लागतं आणि त्याच्या पिंपात विषारी भेसळ येऊ शकते. पिंप दर वेळी तपासायला खर्च येतो. जी कंपनी तो करते, तिने त्याचे पैसे घेतले तर माझी तक्रार नाही. कोणती करते, हे मात्र मला बाटलीवरून कळत नाही. ते बघायचं काम औषध निरीक्षकाचं, आणि तिथे भरवसा उरला नाही की माणूस नावाला पैसे मोजतो. पण एकाच कारखान्यातून निघणाऱ्या खडूच्या गोळीला दुपटीहून जास्त? नावाजलेली कंपनी आपल्या मालाची जास्तीची तपासणी करत असेलही. तरी एवढा फरक तपासणीचा नाही. तो डॉक्टरांपर्यंत जाणाऱ्या एमआरचा, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीचा, जाहिरातीचा आणि आपल्या सवयीचा आहे.

हे मी गुरुजींना जवळजवळ असंच सांगितलं. आणि न विचारताच एक भर घातली: स्वस्त स्ट्रिपवर आम्हाला जास्त सुटतात. आम्हाला ती छापील किमतीच्या कितीतरी खाली पडते, म्हणजे तिची किंमतसुद्धा फुगवलेलीच.

मालक गल्ल्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

“म्हणजे दोघंही लुटतात, एक नावावर आन् एक नाव नाही म्हणून,” गुरुजी म्हणाले. त्यांनी स्वतःसाठी स्वस्तातली घेतली. बायकोसाठी मात्र नेहमीचीच. तिची कंपनी न विचारता बदलली तर घरी कोण ऐकून घेईल, म्हणाले.

“आन् बिलावर दोन्हींचे बॅच नंबर टाका बरं.”

ते आम्ही टाकतोच. पण त्या दिवशी त्यांनी काउंटरवर उभं राहूनच, स्ट्रिपशी एकेक अंक ताडून पाहिला.