अ‍ॅलर्जीचा शिक्का

फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा ४६ तासांचा पंप काढायला आलेल्या काकांनी फाइलच्या आधी दुसऱ्याच इस्पितळाच्या कॅज्युअल्टीचा कागद पुढे केला. त्यावर लाल शाईत ‘ऑक्झालिप्लॅटिनची अ‍ॅलर्जी’. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, फोल्फॉक्सची, म्हणजे फाइव्ह-एफयूसोबत ऑक्झालिप्लॅटिनही असलेल्या केमोची, पहिलीच सायकल. रात्री फ्रिजमधलं पाणी प्यायले आणि घसा आवळला, श्वास कोंडल्यासारखा झाला. तिथे अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही अ‍ॅलर्जीवरची औषधं देऊन सोडलं.

ही खरंच अ‍ॅलर्जी होती का? उत्तर त्याच कागदावर होतं. ऑक्सिजन ९८, बीपी नीट, छातीत घरघर नाही, अंगावर गांधी नाहीत. ऑक्झालिप्लॅटिनची खरी अ‍ॅलर्जी बहुधा औषध चढत असताना किंवा लगेच नंतर दिसते, आणि तीही सहसा काही सायकली झाल्यावर. इथे औषध संपून दिवस उलटला होता. ऑक्झालिप्लॅटिन नसांमधल्या सोडियम चॅनेलवर परिणाम करतं, त्यामुळे थंडी लागली की नसा भलत्याच चेकाळतात. बोटांना मुंग्या येतात, पहिल्या घासाला जबडा आखडतो, थोड्या जणांचा घसा असा आवळतो. श्वासाची वाट उघडीच असते, तरी माणूस घाबरतो आणि ते साहजिक आहे. कोमट पाण्याचे घोट घेतले, ऊब मिळाली की उतरतं. मात्र चेहरा सुजला, गांधी उठल्या किंवा घरघर लागली तर थेट इस्पितळ गाठायचं.

खात्री न करता ‘अ‍ॅलर्जी’ लिहून मोकळं होणं मला पटत नाही. तो शिक्का फाइलला चिकटला की उपयोगाचं औषध कायमचं हातचं जातं. आणि छापील सूचनांत नुसतं ‘थंड टाळा’ लिहून काय कळणार? किमान पाच दिवस फ्रिजचं पाणी नको, फ्रिजमध्ये हात घालताना हातमोजे, एसीचा झोत अंगावर नको, गाडीवर नाकातोंडाला रुमाल. फाइव्ह-एफयूच्या बोलसला, म्हणजे एकदम दिलेल्या डोसला, तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायला देतात. सोबत ऑक्झालिप्लॅटिन असेल तर तोही नको. दोन्ही सूचना एकाच पेशंटला दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

डॉक्टरांनी शिक्का खोडून सही केली. पुढची सायकल त्याच डोसने, ८५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, पण २ तासांऐवजी ६ तासांत दिली. अर्थात ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच (साखरेच्या पाण्यात), कारण मिठाच्या सलाइनमधल्या क्लोराइडने हे औषध बिघडतं. घसा आवळला नाही.

आता दर वेळी मी काकांना शर्टाची बटणं लावून दाखवायला सांगते. थंडीचा त्रास काही दिवसांत जातो. बोटांचा बधिरपणा पुढच्या सायकलपर्यंत टिकला, तर डोस कमी करायचा की औषध थांबवायचं, हे डॉक्टरांना तेव्हाच ठरवावं लागतं, कारण औषध बंद केल्यावरही तो काही महिने वाढत राहू शकतो.