आमची वाटचाल: वकील बाहेर, अशील आत

१९९८ ला जव्हारला दहा बाय आठचा गाळा घेतला तेव्हा सामान काय, तर एक सेकंडहँड मराठी टाइपरायटर, कार्बन, लेजर पेपरचा गठ्ठा, फाइल शिवायचा दाभण आणि तलाठी म्हणून रिटायर झालेले भाऊ. पार्टनर म्हणजे भाऊच. मी वकील, कलमं बघायचो, ते फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी. जुनी किडक्या अक्षरातली नोंद ते अशी घडाघडा वाचायचे की वाटावं यांनीच लिहिलीय, आणि दोनदा खरंच त्यांचीच निघाली!

काम आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळवायचं. त्यासाठी ७४ चा आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा आहे, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधले व्यवहार, चौकशी तहसीलला, अपील ६० दिवसांत मुंबईला महसूल न्यायाधिकरणात. आणि त्यातलं ते कलम ९-अ, वकिलाने उभं राहायचंच नाही. लिंगप्पा पोचन्नाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. म्हणजे रात्र रात्र जागून तयारी आम्ही करायची आणि तारखेला बाहेर चहा पीत बसायचं.

हेच एका वकिलाने धरलं. नाव घेत नाही, तालुक्याला माहितीये. पाड्यापाड्यावर सांगत सुटला, त्याला आत उभं पण करत नाहीत, पैसे कशाचे घेतो, माझ्याकडे या, सिव्हिल कोर्टातून आठ दिवसांत स्टे आणतो. २००२ ला एका महिन्यात चौदा फायली गेल्या, सात महिन्यांचं भाडं थकलं, मोटरसायकल विकली, भाऊंच्या घरच्यांनी त्यांना यायचं बंद करायला लावलं.

राहिले ते एक वारली काका. सही पण येत नव्हती, अंगठा. रोज संध्याकाळी गाळ्यात मी तहसीलदार व्हायचो, ते उभे राहायचे. "कधीपासून कसता?" "बापापासून, साहेब." "मग विकली कशी?" इथे ते गप्प व्हायचे, पंधरा दिवस गप्पच झाले. मग एकदा म्हणाले, विकली नाय, भात उसना आणला व्हता, अंगठा त्याचा घेतला. हेच त्यांनी तारखेला आत सांगितलं, मी बाहेर. ऑर्डर बाजूने झाली. जमीन स्वतः कसेन असं लिहून द्यावं लागतं, त्यावरही अंगठा.

गेलेल्यांपैकी तिघं चार वर्षांनी परत आले, हातात सिव्हिल कोर्टाचा निकाल, अधिकारक्षेत्र नाही. अरे जमीन महसूल संहितेतलं कलम ३६-क वाचलं असतं तरी कळलं असतं! तोवर अपिलाचे ६० दिवस कधीच उलटून गेलेले. विलंबमाफीचा अर्ज केला, चुकीच्या कोर्टात गेलेला वेळ धरू नका म्हणून मुदत कायद्याच्या कलम १४ चं तत्त्व घातलं. दोघांचं वाचलं, एकाचं गेलं. त्याच्या बायकोसमोर काय बोलायचं मला अजून सुचलेलं नाही.

नंतर वनहक्काचे दावे आले, कॉम्प्युटर आला, बरं चाललंय. एक सांगतो, नुसता सातबारा घेऊन कुणाकडे जाऊ नका, सगळे फेरफार काढा, आणि निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका.

तो वकील हल्ली बोर्डावर "आदिवासी जमीन तज्ज्ञ" लिहितो. मसुदा आमचाच वापरतो. आमच्या टाइपरायटरवर पहिल्या अर्जात "वहिवाट" चं "वाहिवाट" झालं होतं, त्याच्या अर्जात आजही वाहिवाटच आहे.