आमची वाटचाल : सरळ फळीतून गोल काम

वडील कुडाळचे सुतार. दारं-खिडक्या, पाट, देव्हारे ही त्यांची कामं. शेजारची सावंतवाडी लाकडी फळांनी आणि खेळण्यांनी नाव कमावून बसलेली, पण आमच्याकडे खराद, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातायचं यंत्र, नव्हता. रंधा आणि करवत, बस्स. धंदा माझ्या हाती आला तेव्हा दारं तयार मिळू लागली होती. गिऱ्हाईक यायचं ते देव्हाऱ्याच्या महिरपीसाठी, गोल आरशाच्या चौकटीसाठी. मग तेच धरलं.

महिरप अखंड फळीतून काढली तर रुंद सागवान लागतं आणि बरंचसं वाया जातं. शिवाय वळणावर लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, आडवी येते, तिथं लाकूड कधी ना कधी तडकतं. म्हणून आम्ही तुकडे सांधतो.

गोलाला १२ तुकडे, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना १५ अंशांचा काप. म्हणजे २४ काप. प्रत्येक कापात दशांश अंशाचा फरक पडला तरी शेवटच्या सांध्यात जवळजवळ अडीच अंशांची फट पडते. फेविकॉलमध्ये भुसा कालवून ती बुजवणारे आहेत. आम्ही नाही बुजवत.

अचूक कापासाठी तुकडा धरणारा आमचा फर्मा उरलेल्या प्लायचा. खाली टेबलसॉच्या (टेबलात बसवलेल्या गोल करवतीच्या) खाचेत सरकणारी पट्टी, वर दोन आडव्या पट्ट्या, त्यांच्यात बरोबर ३० अंश. त्याला कोनमापक लागत नाही. काटकोन त्रिकोणाची एक बाजू १२ इंच, तिरकी २४ इंच घ्या, १२ इंचासमोरचा कोन ३० अंशच येतो. तुकड्याचं एक टोक एका पट्टीला टेकवून कापायचं, दुसरं दुसऱ्या पट्टीला. एकीकडे किंचित कमी झालं तर दुसरीकडे तेवढंच वाढतं, बेरीज बिघडत नाही. २४ इंची गोलाला तुकड्याची बाहेरची बाजू सहा इंच साडेतीन सूत (आठ सूत म्हणजे एक इंच).

आधी सहा-सहा तुकड्यांचे दोन अर्धगोल सांधतो. समोरासमोरच्या दोन सांध्यांत फेविकॉल न लावता काडी ठेवायची आणि सगळं सायकलच्या ट्यूबनं आवळायचं. वाळल्यावर अर्धगोलांची तोंडं काचेवर चिकटवलेल्या पॉलिशपेपरवर घासली की राहिलेला फरक तिथंच निघतो. दुसरा थर विटांसारखा सांधा चुकवून. शेवटी कडा गोल करायला राउटरला (फिरत्या पात्याच्या हातयंत्राला) प्लायची लांब पट्टी, टोकाला खिळा, आणि गोल फिरवायचा.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कापायचं यंत्र घ्या, असं बरेच जण सुचवतात. ते वळण सुरेख कापेल, पण अखंड कापायचं तर फळी रुंदच लागणार आणि आडव्या रेषेचं दुखणं तसंच राहणार.

खरी अडचण पावसाळ्याची. कोकणातल्या दमट हवेत फुगलेलं लाकूड सांधून मुंबईच्या एसी फ्लॅटात पाठवलं की आकसतं, सांधे उघडतात. त्यामुळे चतुर्थीच्या मखरांचं सांधकाम आम्ही मे संपायच्या आत उरकतो. जूनमध्ये आलेल्याला दिवाळीनंतरची तारीख देतो. थांबायचं नसेल तर दुसरा मिस्त्री सुचवतो.