ओल्या खोबऱ्याच्या रंगाच्या हिरड्या

"डॉक्टरबाई, आमची चिमी वाळू खाते."

मास्तरांचा हा फोन रविवारी दुपारी आला. वाळू म्हणजे मांजराच्या शी-शूच्या पेटीत घालायचं लिटर, पुण्याच्या लेकीने पावसाळ्याआधी आणून दिलेलं. चिमी बांदिवड्याच्या घरी कायम परसात जायची. पण जुलैपासून परसात गुडघाभर गवत आणि वर संततधार, त्यामुळे यंदा तिची सोय पडवीत केली होती. "मग ती वाळू काढून टाका, पेटीत वर्तमानपत्राचे तुकडे घाला आणि दोनतीन दिवस बघा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. सांगितलं ते चुकीचं नव्हतं. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला, आणि त्यापायी चार दिवस वाया गेले. ते चार दिवस मला आजही बोचतात.

गुरुवारी सकाळी फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात मास्तर आणि काकी दोघंही आले. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आली होती, बाजारात गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची गर्दी होती, आणि ही दोघं करंडीत मांजर घेऊन भिजत उभी. काकींनी करंडीवरचा टॉवेल बाजूला केला. "बाय, कागद घातले तर ती तुळशीकडची माती चाटायला लागली गो. काल तर भिंतीचा चुना चाटत होती."

हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. लिटर काढल्यावर मांजर माती शोधतं, भिंत चाटतं, तेव्हा दोष लिटरचा नसतो. मी चिमीचा वरचा ओठ हलकेच उचलला. हिरड्या गुलाबी असायला हव्यात. तिच्या ओल्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या होत्या. जीभही तशीच. रविवारी मी एवढंच विचारायला हवं होतं : हिरड्यांचा रंग कसा आहे?

अशा मांजराला टेबलावर दाबून धरायचं नसतं. अंगात रक्त इतकं कमी असतं की झटापटीतही ते दगावू शकतं. म्हणून चिमीला करंडीतच ठेवलं, तोंडाजवळ प्राणवायूची नळी धरली आणि दहा मिनिटं कोणीही तिला हात लावला नाही. हृदयाचे ठोके मिनिटाला २३० च्या पुढे, त्यात एक बारीक घरघर. मग पायाच्या शिरेतून अगदी थोडं रक्त घेतलं. काचेच्या बारीक नळीत फिरवून पाहिलं तर तांबड्या पेशींचं प्रमाण ११ टक्के. निरोगी मांजरात ते साधारण २५ ते ४५ च्या दरम्यान असतं.

मास्तर गप्प होते. मग म्हणाले, "आमचे वडील वैद्य. चरकाने पांडुरोगाचे, म्हणजे अंग पांढरं पडण्याच्या रोगाचे, पाच प्रकार सांगितलेत, त्यातला पाचवा माती खाल्ल्याने होणारा. म्हणजे आम्हीच आणलेल्या वाळूने हिचं रक्त आटवलं का?"

त्यांचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण सगळी मेख तिथेच होती. आणि त्यांची शंका निराधारही नव्हती. ओलं झालं की गोळा होणारं लिटर म्हणजे बहुधा बेंटोनाइट, फुगणारी चिकणमाती. ती भरपूर पोटात गेली तर आतड्यात गच्च बसू शकते आणि शरीरातलं पोटॅशियमही घटू शकतं. १९९६ साली पशुवैद्यकांच्या एका नियतकालिकात असं लिटर खाणाऱ्या एका मांजराची नोंद आली होती, त्यात पोटॅशियम आणि रक्त दोन्ही उतरलेलं होतं. पण बहुतेक वेळा गाडी उलट्या दिशेने जाते. रक्त आधी कमी होतं आणि मग मांजर माती, लिटर, सिमेंट चाटू लागतं. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका भाजलेली माती खातात, तसंच काहीसं. कोण आधी हे कळेपर्यंत औषध ठरत नाही.

क्ष-किरण चित्रात पोटात थोडे दाणे दिसले, आतडी मोकळी होती. पोटॅशियम ठीक. उलट्या नव्हत्या, शी होत होती. लिटरने आतडं अडलेलं नव्हतं.

तेव्हा मी पिसवांचा कंगवा घेतला आणि शेपटीच्या मुळापासून फिरवला. दात्यांत काळी बारीक कणी आली. ती ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली तर भोवती तांबूस डाग पसरला. साधी धूळ असती तर डाग काळाच राहिला असता. हे पिसवांच्या पोटातून गेलेलं चिमीचंच रक्त. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत पिसवांचं फावतं, आणि गोठा, पडवी, लाकडाची रास असलेल्या घरात त्या हटता हटत नाहीत. पण मोठ्या मांजराचं रक्त नुसत्या पिसवांनी ११ पर्यंत खाली येणं मला पटेना.

ताज्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून जिएम्सा या रंगाने रंगवला. हे लगेच करावं लागतं. रक्त नळीत काही तास राहिलं की पेशींना चिकटलेले जंतू सुटून जातात आणि काच कोरी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींच्या कडेला निळसर जांभळे ठिपके होते, काही ठिकाणी माळेसारखे ओळीने. रंगाचा गाळही असाच फसवतो, म्हणून दुसरी काच रंगवली. तिथेही तेच. मायकोप्लाझ्मा हिमोफेलिस, तांबड्या पेशींना चिकटणारा जंतू. पिसवा आणि बोक्यांच्या मारामारीतले चावे, या दोन्हींवर त्याच्या प्रसाराचा संशय घेतला जातो. खात्रीसाठी नमुना राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला, पण उपचार थांबवले नाहीत. ल्युकेमियाच्या विषाणूची पट्टी चाचणी नकारात्मक आली तेव्हा मला हायसं वाटलं.

आता रक्त हवं होतं. दवाखान्यातला आमचा बोका ढवळ्या साडेपाच किलोचा, घरातच राहणारा, तपासलेला. मांजरांचं रक्त अ, ब आणि अब अशा गटांचं असतं, आणि माणसांतल्यासारखीच चुकीच्या गटाची पहिली बाटलीसुद्धा जिवावर बेतू शकते. म्हणून चिमीच्या रक्तातलं पाणी आणि ढवळ्याच्या पेशी काचेवर मिसळून पाहिल्या. गुठळी झाली नाही. चिमीचं वजन २.८ किलो, हिशोबाने ४० मिलिलिटर पुरेसं होतं. ढवळ्याला हलकी गुंगी देऊन मानेच्या शिरेतून तेवढं काढलं.

बारा वाजता रक्त सुरू झालं. पहिला अर्धा तास थेंब थेंब. मी तिथून हलले नाही. दर पाच मिनिटांनी तापमान, श्वास, उलटीची काही चिन्हं. मध्येच वीज गेली आणि इन्व्हर्टरवर प्राणवायूचं यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतचे काही क्षण फार लांब वाटले. काकी बाहेरच्या बाकावर जप करत बसल्या होत्या. साडेतीनला शेवटचा थेंब गेला. चारच्या सुमारास चिमीने मान वर केली, आणि मी ठेवलेल्या उकडलेल्या कोंबडीकडे नाक वळवलं. हिरड्यांवर अगदी फिकट गुलाबी छटा होती. काकींना आत बोलावून ती दाखवली. त्या ओठ उचलून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

घरी पाठवताना डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचं पातळ औषध दिलं, दिवसाला २८ मिलिग्रॅम, चार आठवडे. प्रत्येक डोसानंतर पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजायला बजावलं, कारण हे औषध, विशेषतः गोळी, मांजराच्या अन्ननलिकेत अडकलं तर तिथे जखम करतं. पेशींची नासाडी थांबावी म्हणून काही दिवस प्रेडनिसोलोन. पिसवांसाठी मांजराचंच थेंब-औषध. शेजाऱ्याने कुत्र्याचं देऊ केलं होतं, मास्तरांनी ते खिशातून काढून दाखवलं. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक होतं. मांजराला त्याचे झटके येतात, ते मरू शकतं. मी ते ठेवून घेतलं.

तेव्हापासून फोनवर कुणी "मांजर लिटर खातं" म्हणालं की मी आधी हिरड्या बघायला सांगते. दोनतीन महिन्यांचं पिल्लू असेल आणि हिरड्या गुलाबी असतील तर गोष्ट वेगळी. पिल्लं सगळंच तोंडात घालतात. त्यांची पेटी कागदाने किंवा लाकडाच्या गोळ्यांच्या लिटरने भरा, गोळा होणारं लिटर मोठेपणी. पण जाणतं मांजर अचानक खायला लागलं, किंवा उलट्या, कुंथणं, खाणं सोडणं दिसलं, तर लिटर काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने मांजराचं नुकसानच होतं. लिटरची पिशवी सोबत आणा, त्यावरचा मजकूर आम्हाला उपयोगी पडतो.

प्रयोगशाळेचं उत्तर पाच दिवसांनी आलं, जंतू तोच. चार आठवड्यांनी चिमी परत आली तेव्हा वजन ३.१ किलो, तांबड्या पेशी २९ टक्के. मास्तरांनी पिशवीतून ते पुण्याचंच लिटर काढलं. "टाकवत नव्हतं," म्हणाले, "पण घरी घालायचा धीर होईना. इथे तुमच्यासमोर बघूया."

मी एका पसरट ताटात ते ओतलं आणि चिमीला शेजारी ठेवलं. तिने हुंगलं. काकींनी माझा दंड घट्ट धरला. चिमी ताटात चढली, पुढच्या पायाने खड्डा केला, बसली, नीट माती ओढून झाकली आणि खिडकीकडे चालत गेली. तोंड तिने एकदाही खाली नेलं नाही.