पुन्हा तोच?

चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर नावं येऊ लागली की माझा एक मित्र फोन काढतो. मी नावं वाचतो. खोडच आहे ती. त्यातून एखाद्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात त्याचा नेहमीचा नट आहे असं दिसलं, की मी खुर्चीत जरा मागे रेलून बसतो. ओळखीच्या घरात रात्री शिरताना दिव्याचं बटण चाचपडावं लागत नाही ना, तसं काहीसं वाटतं.

नेमकं तेव्हाच शेजारून येतं, "पुन्हा तोच? दुसरं कुणी मिळत नाही का यांना?"

मित्राचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. एकदा टोळकं जमलं की बाहेरचा बाहेरच राहतो. तो कितीही गुणी असला तरी त्याला दारात उभं राहावं लागतं. आळसही असतो त्यात. मागच्या वेळी चाललं ना, मग घ्या परत त्यालाच. असे चित्रपट मीही पाहिले आहेत, ज्यांत नट आणि दिग्दर्शक दोघेही मागच्या यशाच्या व्याजावर जगत होते. तरी मी रेलून बसायचं सोडलेलं नाही.

१९७७ सालचंच घ्या. त्या एकाच वर्षात हृषीकेश मुखर्जींचा 'आलाप' आला आणि मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी'. दोन्हींत अमिताभ बच्चन. एकीकडे गाण्यासाठी वकील बापाशी वाकडं घेणारा, पुढे टांगा हाकायची वेळ आलेला मुलगा. दुसरीकडे उंच टोपी घालून भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येणारा अँथनी, जो दारूच्या नशेत स्वतःच्या जखमेला लावायची पट्टी आरशाला चिकटवतो. माणूस एक आणि घरं दोन. मुखर्जींकडे त्याचा आवाज खाली यायचा, देसाईंकडे हातपाय सुटायचे. 'आलाप' चालला नाही, अँथनीने धुमाकूळ घातला, पण तो मुद्दा वेगळा. आपणही एका मित्रापुढे बडबडे असतो आणि दुसऱ्यापुढे घुमे. दोन्ही वेळा खरेच असतो.

आपल्याकडचा लक्ष्या आठवा. महेश कोठारे यांच्या 'धूमधडाका'पासून लक्ष्मीकांत बेर्डे त्यांच्या चित्रपटांत येत राहिले. आडनाव बदलायचं, भानगड बदलायची, लक्ष्या मात्र लक्ष्याच. 'झपाटलेला'मध्ये बाहुल्याला घाबरून त्याचे डोळे विस्फारतात तेव्हा ही काय चीज आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिली पंधरा मिनिटं ओळख करून देण्यात जातात, ती वाचली. त्या वाचलेल्या वेळात काय करायचं हे दिग्दर्शकाच्या मगदुरावर. कोठाऱ्यांनी त्यात गोंधळ घातला, आणि छान घातला.

नाव तेच ठेवण्याची ही युक्ती इतरांनीही केली आहे, आणि फार निराळ्या कारणांसाठी. फ्रान्समध्ये फ्रांस्वा त्रुफोने १९५९ साली ज्याँ-पिएर लेओ या पोराला अंत्वान द्वानेल केलं आणि १९७९ पर्यंत त्याच नावाने, त्याच माणसाकडून, त्या पोराचं मोठं होणं, प्रेमात पडणं, लग्न आणि घटस्फोट सगळं करून घेतलं. जपानच्या यासुजिरो ओझूने उलट केलं. १९४९, १९५१ आणि १९५३ अशा तीन चित्रपटांत सेत्सुको हारा या नटीचं नाव नोरिको आहे आणि तिन्ही नोरिको वेगळ्या आहेत. चिशू ऱ्यू हा नट पहिल्यात तिचा बाप आहे, दुसऱ्यात थोरला भाऊ, तिसऱ्यात सासरा. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चक्क कागदावर नाती लिहून काढली होती. डोक्यात गोंधळ व्हायला हवा होता. झाला नाही. उलट तिसऱ्या चित्रपटात सासरा सुनेकडे पाहतो तेव्हा त्या नजरेत मागचा बापही असतो आणि भाऊही. हे कथेत कुठेच लिहिलेलं नाही. ते माझ्या डोक्यात साठलं होतं आणि ओझूला ते ठाऊक होतं.

या ऱ्यूबद्दल जरा थांबून सांगायला हवं. ओझूच्या जवळपास प्रत्येक चित्रपटात तो आहे. त्या तिघांतल्या १९५३च्या 'टोकियो स्टोरी'त त्याने सत्तरीचा म्हातारा केला तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. पण मला कायम आठवतो तो १९४९च्या 'लेट स्प्रिंग'चा शेवट. मुलीचं लग्न लावून बाप रिकाम्या घरी येतो. खुर्चीत बसतो आणि एक फळ सोलायला घेतो. सालीची एक लांब पट्टी सुटत जाते, खाली लोंबते. मग सुरी थांबते. साल पडते. मान हळूच खाली जाते. बस्स. पुढचं दृश्य समुद्राचं.

ओझूला तिथे खरं तर रडणं हवं होतं, अगदी हुंदका. ऱ्यूने सांगितलं, मला ते जमणार नाही. जो माणूस ओझू सांगेल तिथे बघायचा, सांगेल तितकाच हात उचलायचा, त्याने इथे नकारार्थी मान हलवली. आणि ओझूने ऐकलं.

मला वाटतं सगळी गंमत इथे आहे. नवखा नट हुंदका काढून मोकळा झाला असता, कारण नवख्याला नाही म्हणण्याची सोय नसते. आणि परका दिग्दर्शक त्या नकाराने दुखावला असता. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्यांत संवाद कमी लागतो, खुणेवर कळतं, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही असेल. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की तिथे नकार देता येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावरही येता येतं.

तैवानच्या त्साई मिंग-लियांगचंही असंच. त्याने ली कांग-शेंग या तरुणाला रस्त्यावर, एका व्हिडिओ गेमच्या दुकानाबाहेर हेरलं. पोरगा कधी नट नव्हता. काम सुरू झालं आणि दिग्दर्शक वैतागला. याचं सगळंच संथ. मान वळवायला वेळ, पापणी हलवायला वेळ. जरा नेहमीच्या माणसासारखं कर की, असं सांगितल्यावर ली म्हणाला की मी असाच आहे. झालं. दुसऱ्या कुणी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता. त्साईने आपली चाल त्याच्या चालीला जुळवून घेतली. पुढे १९९२पासून त्याच्या प्रत्येक मोठ्या चित्रपटात ली आहे, आणि त्साईचे चित्रपट जगभर ओळखले जातात ते त्यांच्या संथपणासाठीच. कुणी कुणाला घडवलं ते सांगणं अवघड आहे. नटाने एकदा 'मी असाच' म्हटलं आणि दिग्दर्शकाला आपली शैली सापडली.

नकार दिग्दर्शकाकडूनही येतो म्हणा. सत्यजित राय यांनी 'अपराजितो'च्या वेळी सौमित्र चॅटर्जींना पाहिलं होतं. त्यातल्या नायकासाठी, किशोरवयीन अपूसाठी, हा थोराड दिसेल म्हणून घेतलं नाही. पण विसरले नाहीत. 'अपूर संसार'मध्ये मोठा अपू केला, १९५९ साली, आणि तिथून १९९०पर्यंत चौदा चित्रपट. मधे 'नायक' आला. त्यात लोकप्रिय चित्रतारा हवा होता, तर राय उत्तमकुमारकडे गेले. आपल्या माणसाला बाजूला ठेवून, काही वर्षांनी त्याच्याकडून स्वतःच्या कथांतला गुप्तहेर फेलूदा करून घेणं, यात माझ्या मित्राला दिसतो तसला वशिला मला तरी दिसत नाही.

हे प्रकरण भांडणावरही चालतं. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग आणि नट क्लाउस किन्स्की यांनी पाच चित्रपट एकत्र केले आणि त्या काळात एकमेकांना जिवंत सोडलं हेच नवल. किन्स्की गेल्यावर हेर्झोगने त्याच्यावर एक अख्खा माहितीपट काढला, शिव्या आणि माया सारख्याच मापाने घालून. मला असलं झेपत नाही. मी ते कुतूहलाने पाहतो, रेलून मात्र बसत नाही.

आणि तुटतंही. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा आणि नट तोशिरो मिफुने यांनी १९४८ ते १९६५ या काळात सोळा चित्रपट केले. 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये खऱ्या तिरंदाजांनी सोडलेले बाण अंगाशेजारी रुतत असताना मिफुने उभा राहिला. पण 'रेड बिअर्ड'चं काम लांबत गेलं, त्यासाठी वाढवलेली खरी दाढी उतरवता येईना आणि दाढी असेपर्यंत दुसरीकडे काम घेता येईना. त्यानंतर दोघे पुन्हा एकत्र आलेच नाहीत. कारणं पुष्कळ सांगतात लोक. मला आपली ती दाढी पटते. मोठ्या गोष्टी बाणांनी मोडत नाहीत, दाढीसारख्या रोजच्या कटकटीनेच मोडतात. मिफुने १९९७च्या डिसेंबरात गेला, कुरोसावा पुढच्या सप्टेंबरात.

पण या जोडीच्या गवगव्यात एक माणूस झाकला जातो, त्याचं मला फार वाटतं. ताकाशी शिमुरा. कुरोसावाच्या तीस चित्रपटांपैकी एकवीसमध्ये तो आहे, म्हणजे मिफुनेपेक्षा पाचने जास्त. १९४३च्या पहिल्या चित्रपटात आहे आणि १९८०च्या 'कागेमुशा'तही. 'सेव्हन सामुराई'त डोक्याचा घेरा उतरवून घेणारा म्होरक्या तोच, आणि 'इकिरू'मध्ये बर्फ पडत असताना झोपाळ्यावर बसून गाणं म्हणणारा मरणपंथाला लागलेला कारकूनही तोच. त्याच्या आणि कुरोसावाच्या भांडणाचे किस्से कुणी सांगत नाही, म्हणून बहुधा त्यांना कुणी जोडी म्हणत नाही. प्रत्येक कंपूत असा एक असतो. हाक मारली की येतो, लहान काम दिलं तरी येतो. छायाचित्रात कडेला उभा असतो.

यातलं बरंचसं मी मित्राला वेळोवेळी ऐकवलं आहे. तो म्हणतो, तू उगाच नात्यागोत्याच्या नजरेने बघतोस, तो धंदा आहे. असेल. अमेरिकी दिग्दर्शक स्कॉर्सेसी आणि त्याचा नट डी नीरो १९९५च्या 'कसिनो'नंतर थेट २०१९च्या 'आयरिशमन'मध्ये भेटले. चोवीस वर्षांचं अंतर, आणि नटाचा चेहरा तरुण दिसावा म्हणून संगणकाने सुरकुत्या पुसलेल्या. तो पाहताना मित्र म्हणाला, "चेहरा तरुण केला, पण चालणं म्हाताऱ्याचंच आहे." बरोबर पकडलं त्याने. फोन खिशात ठेवून बघतो तेव्हा तो माझ्यापेक्षा नीट बघतो.

मला त्यावर ऱ्यू आठवला, उलट्या बाजूने. ओझू १९६३ साली गेला, बरोबर साठाव्या वाढदिवशी. पुढे वीसेक वर्षांनी विम वेंडर्स हा जर्मन दिग्दर्शक टोकियोत कॅमेरा घेऊन आला आणि ऱ्यूला भेटला. त्या 'टोकियो-गा' माहितीपटात ऱ्यू ओझूच्या थडग्यापाशी जातो. दगडावर नाव नाही, एकच अक्षर आहे, त्याचा अर्थ 'काही नाही' असा. ऱ्यू तेव्हा ऐंशीच्या घरात आलेला. एकोणपन्नासाव्या वर्षी ज्या वयाचं सोंग घेतलं होतं, ते वय आता खरोखरच मागे पडलेलं. मी त्याच्या चालण्याकडे बघत होतो. मला तरी ते 'टोकियो स्टोरी'तल्यासारखंच वाटलं.