जबड्यातली न काढलेली गाठ

जून महिन्यात मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना हर्णैचे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या रत्नागिरीच्या दवाखान्यात आले. मुलाचा डावा गाल जबड्याच्या कडेला फुगला होता, पण दुखत नव्हता. तोंडात बोट घालून दाबले तेव्हा पातळ झालेले हाड अंड्याच्या कवचासारखे करकरले. ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, किडलेल्या दुधाच्या दाढेखाली मोठी काळी पोकळी होती. तिने कायमच्या उपदाढेचा कोंब थेट जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत ढकलला होता आणि ओठाला संवेदना देणारी नस त्याला अगदी खेटून होती.

"डॉक्टर, एकदाच काय ते मुळासकट काढून टाका. बंदी उठल्यावर मी दर्यावर असणार, याला घेऊन कोण येणार?" वडिलांचा प्रश्न रास्त होता. मात्र संपूर्ण सिस्ट, म्हणजे हाडातली ती द्रवाने भरलेली पिशवी, काढायची तर उपदाढ गमवावी लागली असती, नसेला इजा झाली असती आणि कदाचित जबडाही मोडला असता. जर्मन शल्यचिकित्सक कार्ल पार्च यांनी १८९२ साली मांडलेला मार्ग इथे अधिक शहाणपणाचा होता: सिस्टला तोंडात उघडणारी खिडकी करायची, आतला दाब घालवायचा आणि हाडाला भरून यायला वेळ द्यायचा.

सुईने ओढलेला द्रव पिवळसर, पातळ निघाला. दिव्यासमोर धरताच त्यात कोलेस्टेरॉलचे कण चमकले. घट्ट पांढरा लगदा आला असता तर केराटोसिस्ट या पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या सिस्टची शंका घ्यावी लागली असती. तरी नुसत्या द्रवावर विसंबणे मला पटत नाही. जागा बधिर करून दुधाची दाढ काढली, तिच्याच खाचेतून खिडकी मोठी केली, अस्तराचा तुकडा बायोप्सीला पाठवला आणि पोकळीत आयोडोफॉर्म या जंतुनाशकाची गॉज भरली. अहवालात डेंटिजेरस सिस्टचे, म्हणजे न उगवलेल्या दाताभोवती होणाऱ्या सिस्टचे, निदान पक्के झाले. मग खिडकी बुजू नये म्हणून अ‍ॅक्रिलिकचा बुच बसवला.

खरे काम त्यानंतर मुलाच्या आईने केले. रोज बुच काढून, सिरिंजने सलाइनचा फवारा मारून पोकळी धुणे कंटाळवाणे असते, आणि बहुतेक घरांत ते पहिल्या काही आठवड्यांतच सुटते. या बाईंनी ते मासळीबाजार सांभाळून केले. दिवाळीनंतरच्या ओपीजीत कडांकडून नवे हाड भरत आलेले दिसले आणि उपदाढ बरीच वर सरकली होती. पुढे ती हिरडीतून डोकावली, तेव्हा बुच लहान करत नेऊन बंद केला. उरलेली पोकळी उथळ झाल्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. वर्षातून एकदा ओपीजी मात्र काढायचा, हे मी आईवडील दोघांनाही बजावून ठेवले आहे.